वर्ष बदलले की बिघडणारे बिलांचे टेबल : रचनेची प्रत काढताना काय मागे राहते

बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखाने आणि मांडवीच्या आसपासच्या घाऊक पेढ्या यांच्याकडे बिलांसाठी मुद्दाम लिहून घेतलेल्या जुन्या प्रणाली अजूनही चालू आहेत, आणि त्यांतील अनेकींमध्ये आर्थिक वर्षाच्या अखेरीस एक ठरलेले काम केले जाते. ३१ मार्चला चालू वर्षाचे बिलांचे टेबल बाजूला ठेवायचे, त्याच्या रचनेची रिकामी प्रत काढायची आणि १ एप्रिलपासूनच्या नोंदी त्या प्रतीत घ्यायच्या, असे हे काम आहे. प्रत काढताना डेटाबेस कोणतीही हरकत घेत नाही, टेबल उघडून पाहिले तर सारे कॉलम जागच्या जागी दिसतात, आणि पहिली काही बिले व्यवस्थित निघतात. तक्रारी येतात त्या नंतर. एकाच क्रमांकाची दोन बिले सापडतात, ज्या ग्राहकाचे खातेच नाही त्याच्या नावे बिल जतन होते, क्षणात येणारी यादी उघडायला वेळ लागू लागतो, किंवा एका बिलातील माल दुसऱ्या बिलाखाली दिसतो. मग कोणीतरी बसून तेवढ्यापुरती दुरुस्ती करून देतो, आणि पुढच्या एप्रिलमध्ये तीच तक्रार पुन्हा येते, कारण दुरुस्ती लक्षणाची झालेली असते आणि प्रत काढण्याची कमांड मात्र तीच राहिलेली असते.

कारण थोडक्यात असे आहे की टेबलाची रचना डेटाबेसमध्ये एका जागी साठवलेली नसते. कॉलमची नावे आणि प्रकार एका ठिकाणी असतात, इंडेक्स (नोंद पटकन शोधण्यासाठीची सूची) वेगळ्या ठिकाणी, फॉरेन की हा "या टेबलातील ग्राहक त्या टेबलात असलाच पाहिजे" अशा धर्तीचा दोन टेबलांमधील करार असल्यामुळे तो आणखी वेगळा नोंदलेला असतो, ट्रिगर (नोंद बदलताच आपोआप चालणारी कमांड) आणि परवानग्या यांची नोंद निराळी असते, आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये क्रमांक पुरवणारा सीक्वेन्स ही तर स्वतंत्र वस्तूच असते. प्रत काढणारी प्रत्येक कमांड यांतील काय सोबत घ्यायचे आणि काय सोडायचे हे स्वतःच्या नियमांनुसार ठरवते, आणि जे सोडले त्याबद्दल ती एक शब्दही कळवत नाही. म्हणून "रचनेची प्रत काढली" एवढे सांगणे पुरेसे नाही; कोणत्या कमांडने काढली हे कळल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये.

पुढे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन अक्षरांतच टंकाव्यात. उदाहरणांसाठी "बिले" हे मूळ टेबल, "बिले_नवे" ही त्याची प्रत, "बिल_तपशील" हे प्रत्येक बिलातील मालाचे टेबल आणि "ग्राहक" हे खात्यांचे टेबल धरले आहे.

आधी निदान

मूळ टेबल अजून शिल्लक असेल तर निदान सोपे आहे. दोन्ही टेबलांची खरी व्याख्या काढावी आणि ओळीला ओळ लावून पाहावी. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्यासाठी

शो क्रिएट टेबल बिले;
शो क्रिएट टेबल बिले_नवे;

या दोन कमांड पुरतात. पोस्टग्रेसमध्ये पीएसक्यूएल (त्याचा कमांड लिहिण्याचा प्रोग्राम) उघडून बॅकस्लॅश डी आणि टेबलाचे नाव दिले की कॉलम, डिफॉल्ट (मूल्य न दिल्यास लिहिले जाणारे मूल्य), इंडेक्स, चेक (मूल्यावरील अट), फॉरेन की आणि ट्रिगर एकत्र दिसतात. इतकेच नव्हे, तर कोणती टेबले या टेबलाकडे बोट दाखवतात तेही शेवटी लिहिलेले असते. एसक्यूलाइटमध्ये डॉट स्कीमा, ओरॅकलमध्ये डीबीएमएस_मेटाडेटा या पॅकेजातील गेट_डीडीएल, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये मॅनेजमेंट स्टुडिओत टेबलावर उजवी क्लिक करून मिळणारी स्क्रिप्ट हेच काम करते. मायएसक्यूएलच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. शो क्रिएट टेबलच्या उत्तरात ट्रिगर दिसत नाहीत आणि बाहेरून या टेबलाकडे येणाऱ्या फॉरेन की देखील दिसत नाहीत, त्यामुळे शो ट्रिगर्स वेगळे चालवावे आणि येणाऱ्या फॉरेन की इन्फर्मेशन_स्कीमामधील की_कॉलम_यूसेज या टेबलातून शोधाव्यात.

कॉलमची यादी डोळ्यांनी पाहून "दोन्ही सारखीच आहेत" असा निष्कर्ष काढण्याची सवय मला सर्वांत धोकादायक वाटते, कारण जे मागे राहते ते कॉलमच्या यादीत कधीच नसते.

सर्व बिलांचा आयडी शून्य

मायएसक्यूएलवर चालणाऱ्या प्रणालींमध्ये सर्वाधिक आढळणारी प्रत अशी काढलेली असते:

क्रिएट टेबल बिले_नवे ॲज सिलेक्ट * फ्रॉम बिले व्हेअर १=०;

अट कधीच खरी होत नसल्यामुळे एकही नोंद येत नाही आणि रिकामे टेबल तयार होते. ते तयार होते ते क्वेरीच्या उत्तरावरून, मूळ टेबलाच्या व्याख्येवरून नव्हे, आणि सारा घोटाळा येथेच आहे. उत्तरातील कॉलमचे नाव, प्रकार, रिकामे चालते की नाही, अक्षरसंच, कोलेशन (अक्षरे जुळवण्याचे आणि क्रम लावण्याचे नियम), टिप्पणी आणि डिफॉल्ट एवढे मायएसक्यूएल पुढे नेतो. प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख), युनिक की (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारी अट), साधे इंडेक्स आणि ऑटो इन्क्रिमेंट (पुढचा क्रमांक आपोआप देणे) हा गुण तो नेत नाही, आणि मूळ टेबलात एखादा कॉलम इतर कॉलमवरून आपोआप काढलेला असेल, उदाहरणार्थ कराची रक्कम, तर प्रतीत तो साधा कॉलम होऊन बसतो आणि त्याची गणना थांबते.

यातील ऑटो इन्क्रिमेंटचा परिणाम विशेष त्रासदायक आहे. मूळ टेबलातील आयडी कॉलम प्रतीत "रिकामा चालत नाही, डिफॉल्ट ०" असा उतरतो. प्रणाली आयडी न देता बिल जतन करते, डेटाबेस शून्य लिहितो. दुसरे बिल येते, पुन्हा शून्य. प्रायमरी की नसल्यामुळे कोणीही अडवत नाही. बिल जतन झाल्यावर प्रणाली "नुकताच कोणता आयडी मिळाला" असे विचारते आणि त्याखाली मालाच्या ओळी लिहिते, पण नवा आयडी निर्माणच झालेला नसतो, म्हणून मालाच्या ओळीही शून्याखाली जमा होतात. एका बिलाचा माल दुसऱ्या बिलात दिसतो ही तक्रार ऐकली की सर्वप्रथम आयडी कॉलमकडे पाहावे.

दुरुस्ती करताना सर्वांत आधी नोंदी थांबवाव्यात आणि डेटाचा बॅकअप घ्यावा. त्यानंतर बिघडलेल्या टेबलावरच ऑल्टर टेबल चालवून आयडीला ऑटो इन्क्रिमेंट लावण्याचा मोह टाळावा, कारण तशाने शून्यांना नवे क्रमांक मिळतात खरे, पण कोणत्या बिलाला कोणता मिळेल यावर आपला ताबा राहत नाही, आणि टेबलात शून्याखेरीज काही खरे आयडी असतील तर नव्या क्रमांकांशी त्यांची टक्कर होऊन कमांड मध्येच थांबू शकते. त्याऐवजी योग्य व्याख्येचे तिसरे टेबल तयार करावे आणि त्यात जुन्या नोंदी आयडी वगळून, बिल क्रमांकाच्या क्रमाने भराव्यात:

क्रिएट टेबल बिले_शुद्ध लाइक बिले;
इन्सर्ट इन्टू बिले_शुद्ध (बिल_क्रमांक, तारीख, ग्राहक_आयडी, रक्कम) सिलेक्ट बिल_क्रमांक, तारीख, ग्राहक_आयडी, रक्कम फ्रॉम बिले_नवे ऑर्डर बाय बिल_क्रमांक;

गणनेने येणारे कॉलमही या यादीतून वगळावे लागतात, कारण त्यांत बाहेरून मूल्य लिहिता येत नाही. मालाच्या ओळी पुन्हा आपापल्या बिलाशी जोडणे हे मात्र खरे कष्टाचे काम आहे. तपशिलाच्या टेबलात बिल क्रमांकही ठेवलेला असेल तर एका अपडेटमध्ये काम होते. नसेल तर नोंदीची वेळ जुळवून किंवा छापील बिले समोर ठेवून जोडणी करावी लागते. बायनरी लॉग (डेटाबेसने ठेवलेली बदलांची नोंद) चालू असेल तर कोणत्या ओळी कोणत्या व्यवहारात एकत्र लिहिल्या गेल्या हे त्यातून कळते, आणि हा मार्ग सर्वांत विश्वासार्ह आहे.

वरील पहिल्या ओळीतील लाइक ही मायएसक्यूएलमधील योग्य कमांड आहे. ती क्वेरीच्या उत्तराऐवजी मूळ टेबलाची व्याख्या वाचते, त्यामुळे प्रायमरी की, सर्व इंडेक्स, ऑटो इन्क्रिमेंट, डिफॉल्ट, गणनेचे कॉलम आणि पार्टिशन (टेबलाचे अंतर्गत तुकडे) सोबत येतात. क्रमांक मात्र पुन्हा १ पासून सुरू होतात. चेकच्या अटीही येतात, पण मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्यांत चेक लिहिलेला वाचला जात असे आणि दुर्लक्षिला जात असे; तेव्हा तयार झालेल्या टेबलात तो मुळातच साठवलेला नसतो, आणि जे मूळात नाही ते प्रतीत येण्याची अपेक्षा करू नये. लाइक जे आणत नाही ते म्हणजे फॉरेन की आणि ट्रिगर. त्यांच्याकडे पुढे वळू.

दुहेरी बिले

वस्तू व सेवा कराच्या नियम ४६ नुसार बिलाचा क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, सलग आणि त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव असावा लागतो. चांगल्या प्रणालीत ही अट युनिक की लावून डेटाबेसवरच सोपवलेली असते. सिलेक्टने काढलेल्या प्रतीत ती की नसते, आणि तरीही प्रणालीला काही कळत नाही, कारण बरेच प्रोग्रामर बिल जतन करताना "नसेल तर घाल, असेल तर बदल" अशा धाटणीची एकच कमांड वापरतात. मायएसक्यूएलमध्ये ऑन डुप्लिकेट की अपडेट हा भाग युनिक की असेल तरच कामाला येतो. की नसेल तर प्रत्येक वेळी नवी नोंद पडते आणि चूक दाखवली जात नाही. कारकुनाने जुने बिल उघडून त्यात फक्त वाहनाचा क्रमांक बदलला तरी दुसरे बिल तयार होते. पोस्टग्रेस याबाबतीत अधिक कडक आहे. ऑन कॉन्फ्लिक्टमध्ये सांगितलेल्या कॉलमवर युनिक अट सापडली नाही तर तो तिथेच चूक दाखवून थांबतो, त्यामुळे तेथे ही गोष्ट पहिल्याच बिलाला लक्षात येते. अशी चूक दिसली तर प्रणालीच्या कोडमध्ये शोध घेण्यापूर्वी टेबलाचे इंडेक्स पाहावेत.

दुरुस्तीसाठी आधी ग्रुप बाय आणि हॅविंग काउंट वापरून दुहेरी क्रमांक शोधावेत, त्यांपैकी खरी नोंद कोणती हे हिशेब पाहणाऱ्या व्यक्तीकडून ठरवून घ्यावे, आणि मगच युनिक की लावावी. दोनांपैकी शेवटची नोंद खरी, असे गृहीत धरून जुनी नोंद आपोआप पुसणारी क्वेरी लिहू नये; दोन्ही बिले ग्राहकाकडे गेलेली असू शकतात.

यादी मंद होण्याचे कारणही हेच आहे, इंडेक्स मागे राहिले. टेबल नवे आणि लहान असेपर्यंत ते जाणवत नाही, दिवाळीच्या सुमारास जाणवते.

पोस्टग्रेसमधील सामाईक सीक्वेन्स

पोस्टग्रेसमध्ये क्रिएट टेबल ॲज, मग ते सिलेक्टसह असो किंवा विथ नो डेटा जोडून असो, केवळ कॉलमची नावे आणि प्रकार नेते. रिकामे न चालण्याची अट सुद्धा मागे राहते. योग्य मार्ग लाइकचाच आहे, पण तो कंसात लिहावा लागतो आणि काय काय सोबत हवे ते स्पष्ट सांगावे लागते:

क्रिएट टेबल बिले_नवे (लाइक बिले इन्क्लूडिंग ऑल);

इन्क्लूडिंग ऑल न लिहिल्यास कॉलम, प्रकार आणि रिकामे न चालण्याची अट एवढेच येते. लिहिल्यास डिफॉल्ट, चेक, इंडेक्स, प्रायमरी की, टिप्पण्या, गणनेचे कॉलम असे बरेच काही येते. इंडेक्सची नावे मात्र मूळची येत नाहीत, पोस्टग्रेस ती स्वतःच्या रीतीने नव्याने ठरवतो. एखाद्या स्क्रिप्टमध्ये इंडेक्स नावाने पुसला किंवा पुन्हा बांधला जात असेल तर ती स्क्रिप्ट प्रतीवर चालणार नाही. मूळ टेबल पार्टिशन केलेले असेल तर प्रत साधे टेबल होते, हेही लक्षात ठेवावे.

एवढे सारे बरोबर केल्यावरही जी अडचण दरवर्षी डोके वर काढते ती सीक्वेन्सची, आणि ती सावकाश समजून घेण्याजोगी आहे. जुन्या प्रणालींत आयडी कॉलम सिरीयल या प्रकाराने घोषित केलेला असतो. सिरीयल हा खरा प्रकार नाही. पोस्टग्रेस त्याच्या जागी पूर्णांक कॉलम तयार करतो, एक सीक्वेन्स तयार करतो, त्या सीक्वेन्सची मालकी या कॉलमकडे देतो आणि कॉलमचा डिफॉल्ट "या सीक्वेन्सचा पुढचा क्रमांक" असा लिहितो. लाइकने प्रत काढताना डिफॉल्ट जसाच्या तसा उचलला जातो, म्हणजे प्रतीचा डिफॉल्ट जुन्याच टेबलाच्या सीक्वेन्सकडे पाहतो. दोन टेबले, क्रमांक देणारा एकच, आणि त्याची मालकी अजूनही जुन्या टेबलाकडे.

सुरुवातीला याची केवळ दोन सौम्य लक्षणे दिसतात. नव्या वर्षाचे आयडी १ पासून सुरू न होता मागच्या वर्षीच्या शेवटच्या आकड्याच्या पुढून सुरू होतात, आणि जुन्या टेबलात मार्चच्या राहिलेल्या नोंदी घातल्या की नव्या टेबलाच्या क्रमात तेवढ्या जागा मोकळ्या सुटतात. खरा धोका पुढे आहे. कधीतरी जागा मोकळी करण्यासाठी कोणी जुने टेबल पुसायला जातो. पोस्टग्रेस नकार देतो आणि कळवतो की दुसऱ्या टेबलाच्या आयडीचा डिफॉल्ट यावर अवलंबून आहे. सोबत कॅस्केड वापरता येईल अशी सूचनाही देतो. सूचना मानून कॅस्केड लिहिले की जुने टेबल जाते, त्याच्यासोबत सीक्वेन्स जातो आणि नव्या टेबलाच्या आयडीचा डिफॉल्टही निघून जातो. नव्या टेबलातील नोंदी शाबूत राहतात, पण त्या क्षणापासून एकही नवे बिल जतन होत नाही; आयडी रिकामा चालत नाही अशी चूक येत राहते. प्रत काढून महिने लोटलेले असतात, त्यामुळे या चुकीचा संबंध प्रतीशी कोणी लावत नाही.

अडचण आहे की नाही हे एका क्वेरीत तपासता येते:

सिलेक्ट पीजी_गेट_सिरीयल_सीक्वेन्स('बिले_नवे', 'आयडी');

उत्तर रिकामे आले आणि तरीही कॉलमला सीक्वेन्सचा डिफॉल्ट असेल, तर तो सीक्वेन्स परक्या टेबलाच्या मालकीचा आहे. दुरुस्ती जुने टेबल पुसण्यापूर्वी करावी. नवा सीक्वेन्स तयार करावा, ऑल्टर सीक्वेन्स ओन्ड बाय लिहून त्याची मालकी नव्या कॉलमकडे द्यावी, कॉलमचा डिफॉल्ट त्याच्याकडे वळवावा, आणि सेटव्हॅल वापरून त्याला टेबलातील सर्वांत मोठ्या आयडीवर आणून ठेवावे. शेवटची पायरी विसरल्यास तो १ पासून वाटप सुरू करतो आणि आधीपासून असलेल्या आयडीशी टक्कर होऊन प्रायमरी कीची चूक येते.

याहून स्वच्छ उपाय म्हणजे सिरीयल सोडून आयडेंटिटी कॉलमकडे वळणे. हा प्रकार पोस्टग्रेसमध्ये २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे, आणि इन्क्लूडिंग ऑल लिहून काढलेल्या प्रतीत आयडेंटिटीसाठी नवा, स्वतंत्र सीक्वेन्स आपोआप तयार होतो. आहे त्या टेबलात आधी डिफॉल्ट काढून मग ॲड जनरेटेड बाय डिफॉल्ट ॲज आयडेंटिटी लावता येते. सुरुवातीचा आकडा येथेही मोठ्या आयडीच्या पुढे ठेवावा लागतो. माझ्या मते जी प्रणाली वर्षानुवर्षे चालणार आहे तिच्यात हा बदल एकदा करून टाकणे हे दर एप्रिलच्या धावपळीपेक्षा फार स्वस्त पडते.

फॉरेन की आणि नावांची अदलाबदल

मायएसक्यूएल असो वा पोस्टग्रेस, लाइक कमांड फॉरेन की आणत नाही. हा दोष नाही, कारण प्रत कोणत्या टेबलाशी बांधली जावी हे डेटाबेसला ठरवता येत नाही. परिणाम मात्र स्पष्ट आहे: ग्राहकांच्या टेबलात नसलेला ग्राहक_आयडी नव्या टेबलात निमूटपणे स्वीकारला जातो, आणि ज्याच्या नावे बिले आहेत असा ग्राहकही पुसता येतो. की लावण्यापूर्वी लेफ्ट जॉइन करून अनाथ नोंदी शोधाव्यात, कारण त्या शिल्लक असतील तर की लागणारच नाही. मायएसक्यूएलमध्ये शो क्रिएट टेबलमधून उचललेली ओळ तशीच वापरली तर नाव आधीच वापरात असल्याची चूक येते. तेथे फॉरेन कीचे नाव संपूर्ण डेटाबेसमध्ये एकमेव असावे लागते, म्हणून नव्या टेबलासाठी नवे नाव द्यावे.

आतापर्यंत सांगितले ते बाहेर जाणाऱ्या फॉरेन कीबद्दल. येणाऱ्या फॉरेन कीचा प्रश्न नावांची अदलाबदल करताना उद्भवतो, आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. प्रणालीच्या कोडमध्ये टेबलाचे नाव "बिले" असेच लिहिलेले असते, म्हणून ३१ मार्चला "बिले" चे नाव "बिले_जुने" केले जाते आणि रिकाम्या प्रतीला "बिले" हे नाव दिले जाते. मायएसक्यूएलमध्ये रिनेम टेबल या एकाच कमांडमध्ये दोन्ही बदल एकसंधपणे करता येतात, ते चांगलेच आहे. परंतु बिल_तपशील या टेबलाची फॉरेन की नावामागे जात नाही, ती टेबलामागे जाते. अदलाबदलीनंतर ती "बिले_जुने" कडे बोट दाखवत राहते, आणि नव्या बिलाखाली मालाची पहिली ओळ लिहिताच संबंधित बिल अस्तित्वात नाही अशी चूक येते, जरी ते बिल समोर दिसत असते. त्याहून वाईट स्थिती अशी की नवे आयडी पुन्हा १ पासून सुरू झालेले असतील तर चूक येतच नाही, कारण जुन्या टेबलातही १ क्रमांकाचे बिल असते. नव्या मालाच्या ओळी तपासल्या जातात त्या जुन्या बिलांशी. म्हणून अदलाबदल करायचीच असेल तर येणारी प्रत्येक फॉरेन की आधी काढून, अदलाबदलीनंतर नव्या टेबलावर पुन्हा लावावी. तेव्हा बिल_तपशील मधील जुन्या वर्षाच्या ओळी आड येतात, म्हणून ते टेबलही सोबतच वेगळे करावे लागते.

व्ह्यू म्हणजे टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी; त्याचे वर्तन दोन्हीकडे भिन्न आहे. पोस्टग्रेसमध्ये व्ह्यू टेबलाच्या अंतर्गत ओळखीशी बांधलेला असतो, त्यामुळे नावे बदलल्यावर विक्रीचा अहवाल जुन्याच वर्षाचे आकडे दाखवत राहतो; त्याच डेटाबेसमधील मजकूर म्हणून साठवलेले फंक्शन मात्र नावाने टेबल शोधते आणि नव्या टेबलाकडे जाते. एकाच पडद्यावरचे दोन आकडे जुळेनासे झाले तर ही शक्यता आधी तपासावी. मायएसक्यूएलमध्ये व्ह्यू नाव पाहतो. तेथे विशिष्ट टेबलापुरत्या दिलेल्या परवानग्याही नावाशीच बांधलेल्या असतात आणि नामांतरासोबत सरकत नाहीत.

ट्रिगर कोणत्याच मार्गाने येत नाहीत. साठा कमी करणारा किंवा बदलांची नोंद ठेवणारा ट्रिगर मूळ टेबलावर असेल तर तो प्रतीवर हाताने लिहावा.

एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल आणि एसक्यूलाइट

एसक्यूएल सर्व्हरमध्ये सिलेक्ट इन्टू वापरून काढलेल्या प्रतीत कॉलम, रिकामे चालण्याची अट आणि साध्या एकटेबली क्वेरीत आयडेंटिटीही येते, पण की, इंडेक्स, डिफॉल्ट, चेक आणि ट्रिगर येत नाहीत. ओरॅकलमधील क्रिएट टेबल ॲज सिलेक्ट स्पष्टपणे लिहिलेली नॉट नल अट नेते, परंतु प्रायमरी कीमुळे आपोआप लागू असलेली ती अट नेत नाही, आणि डिफॉल्टही नेत नाही. एसक्यूलाइटमध्ये कॉलमखेरीज जवळजवळ काहीच येत नाही. तिन्हींसाठी उपाय एकच आहे, वर सांगितल्याप्रमाणे टेबलाची पूर्ण व्याख्या स्क्रिप्ट म्हणून काढावी, तिच्यातील टेबलाचे आणि अटींचे नाव बदलावे आणि ती चालवावी.

प्रतीसोबत येणारा जुना दोष

बडोद्यातील प्रणालींमध्ये ग्राहकांची नावे गुजरातीत, मराठीत आणि इंग्रजीत अशी तिन्ही प्रकारे येतात, त्यामुळे आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. मायएसक्यूएलच्या ५.७ पर्यंतच्या आवृत्त्यांत मूळ अक्षरसंच लॅटिन१ होता, ८.० पासून तो यूटीएफ८एमबी४ झाला. जुन्या सर्व्हरवर तयार झालेले टेबल आपण दरवर्षी लाइकने उतरवत आलो असू, तर सर्व्हर नवा झाला तरी टेबल लॅटिन१ मध्येच राहते, आणि गुजराती किंवा मराठी नाव लिहिताच चूक येते किंवा नावाच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली जातात. साठवलेली प्रश्नचिन्हे परत अक्षरांत बदलता येत नाहीत. याउलट, जुने टेबल यूटीएफ८एमबी४ चेच पण वेगळ्या कोलेशनचे असताना कोणी नवे टेबल हाताने लिहून नव्या सर्व्हरच्या मूळ कोलेशनने तयार केले तर जुन्या आणि नव्या टेबलांतील नावे जुळवणाऱ्या क्वेरीत कोलेशनचा मेळ बसत नसल्याची चूक येते. दोन्हींवर उपाय म्हणजे ऑल्टर टेबल कन्व्हर्ट टू कॅरॅक्टर सेट ही कमांड बॅकअप घेऊन सर्व संबंधित टेबलांवर एकाच कोलेशनने चालवणे.

प्रत टाळता येते का

माझे स्पष्ट मत आहे की बिलांसाठी दरवर्षी नवे टेबल हवे असण्याचे कारण आता उरलेले नाही. एका लहान कारखान्याची वर्षभराची बिले हजारांत मोजली जातात, आणि योग्य इंडेक्स असलेल्या टेबलाला दहा वर्षांची बिलेही जड नाहीत. एकच "बिले" टेबल ठेवावे, त्यात आर्थिक_वर्ष हा कॉलम घालावा आणि युनिक की आर्थिक_वर्ष व बिल_क्रमांक या दोन कॉलमवर मिळून लावावी. नियम ४६ ची अट नेमकी याच रूपात व्यक्त होते, आणि दर एप्रिलला बिल क्रमांक १ पासून सुरू करता येतो. पार्टिशनचा विचार इतक्या आकारासाठी करू नये, कारण मायएसक्यूएलमध्ये पार्टिशन केलेल्या टेबलावर फॉरेन की ठेवता येत नाही, आणि ज्याच्या अभावाने एवढा त्रास झाला तेच पुन्हा गमवावे लागते.

जुन्या वर्षांची टेबले एकत्र आणताना आयडी एकमेकांवर येतात, म्हणून नव्या टेबलात नवे आयडी घ्यावेत आणि जुना_आयडी हा तात्पुरता कॉलम ठेवावा. मालाच्या ओळी आर्थिक_वर्ष आणि जुना_आयडी या जोडीवरून नव्या आयडीकडे वळवाव्यात, आणि प्रत्येक वर्षाची बिलांची संख्या व एकूण रक्कम जुन्या आणि नव्या टेबलात जुळते का हे पाहूनच तो कॉलम काढावा. जुनी टेबले लगेच पुसू नयेत. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात, तेव्हा त्यांवरील लिहिण्याची परवानगी काढून घ्यावी, त्यांचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर ठेवावा, आणि पोस्टग्रेस असल्यास त्यांच्या सीक्वेन्सवर दुसरे काही अवलंबून नाही ना, हे आताच पाहून घ्यावे.